न घडलेल्या गोष्टींची मोजदाद

मुद्रितशोधकाची जाहीर स्तुती झाल्याचे आमच्या फारसे ऐकिवात नाही. पुस्तक निर्दोष निघाले तर वाचक लेखकाला दाद देतो, फार तर प्रकाशकाला. एखाद्या पानावर 'दिन' चा 'दीन' झाला, की मात्र मुद्रितशोधकाची तत्काळ आठवण होते. उत्तम काम म्हणजे काहीही न घडणे, अशी ज्याच्या धंद्याची व्याख्या आहे, त्याचे मोजमाप करावे तरी कसे? त्याच्या हातून सुटलेल्या चुका मोजता येतील. पण हस्तलिखित मुळात किती सदोष होते, किती दिवसांत काम उरकायचे होते आणि शेवटच्या क्षणी लेखकाने कोणत्या ओळी बदलल्या, हे ठाऊक असल्याखेरीज तो आकडा काहीच सांगत नाही.

हाच प्रश्न अमेरिकेत दर वर्षी एप्रिल महिन्यात, प्रचंड खर्च करून आणि बराच गाजावाजा करून, विचारला जातो. तो साहित्याच्या अभ्यासकांनी ऐकण्याजोगा आहे असे आम्हांला वाटते, म्हणून हा लेखनप्रपंच. विषय अमेरिकन फुटबॉलचा आहे. म्हणजे आपल्या ओळखीचा, पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू हाती घेऊन, फेकून, धावून खेळायचा तो दुसरा खेळ. त्यात क्वार्टरबॅक नावाचा खेळाडू चेंडू फेकतो आणि साऱ्या प्रेक्षकांची नजर त्याच्यावर असते. त्याच्यापुढे पाच धिप्पाड माणसे आडवी उभी असतात: मधोमध सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड आणि दोन्ही कडांना टॅकल. या पाच जणांच्या फळीला ऑफेन्सिव्ह लाइन म्हणतात. नावात आक्रमण असले तरी त्यांचे निम्मे काम निखळ बचावाचे आहे. धावणाऱ्याला वाट काढून द्यायची आणि फेकणाऱ्याला अडीच-तीन सेकंदांची उसंत मिळवून द्यायची. सहसा चेंडू झेलण्याची मुभाही त्यांना नसते.

आता या खेळाचे हिशेब कसे ठेवले जातात ते पाहावे. क्वार्टरबॅकला चेंडूसकट पाडले, तर त्याला सॅक म्हणतात. नॅशनल फुटबॉल लीग ही तेथील व्यावसायिक स्पर्धा १९८२ पासून ती पाडणाऱ्याच्या नावावर अधिकृतपणे मांडते. ज्याच्या हातून तो पाडणारा निसटला, त्याच्या नावावर अधिकृत नोंद नाही. तो किती सामने खेळला ते कळते. होल्डिंगसाठी १० यार्ड किंवा वेळेआधी हलल्याबद्दल ५ यार्ड असा दंड त्याच्यामुळे किती वेळा झाला, तेही कळते. बाकी सारे कोरे. फळीतला माणूस अधिकृत कागदपत्रांत जवळजवळ फक्त अपराधी म्हणूनच अवतरतो.

आणि याच माणसांची क्रमवारी लावायची असते. लीगमधील ३२ संघ महाविद्यालयीन खेळाडूंमधून आळीपाळीने निवड करतात. गेल्या हंगामात सर्वांत वाईट खेळलेला संघ सहसा पहिला. या पद्धतीला ड्राफ्ट म्हणतात. ती १९३६ पासून चालू आहे आणि आज तिच्या सात फेऱ्या होतात. क्रमवारी ही केवळ गप्पांची बाब नव्हे. २०११ च्या कामगार करारापासून नवख्या खेळाडूचे वेतन तो कितव्या क्रमांकावर निवडला गेला त्यावर बहुतांशी ठरते. २०१० साली पहिल्या क्रमांकाच्या सॅम ब्रॅडफर्डला सहा वर्षांचा, ७ कोटी ८० लाख डॉलरपर्यंतचा करार मिळाला होता. २०११ साली पहिल्या क्रमांकाच्या कॅम न्यूटनला चार वर्षांचे सुमारे २ कोटी २० लाख. तेव्हापासून क्रमांक म्हणजेच भाव. विशी-बाविशीच्या एका मुलाला पाचवा म्हणायचे की पंचविसावा, यावर त्याच्या घरात कोट्यवधी डॉलर येणे-न येणे अवलंबून असते.

मग संघांनी मोजता येईल ते मोजायला घेतले, हे ओघाने आलेच. इंडियानापोलिस शहरात १९८७ पासून 'कंबाइन' नावाचा मेळा भरतो. तीनशेहून अधिक खेळाडूंना बोलावून त्यांचे हात, पंजे, उंची, वजन मोजतात. ४० यार्ड पळवतात. उड्या मारायला लावतात. २२५ पाउंडांचे वजन छातीवरून किती वेळा उचलता येते ते पाहतात. बैलबाजारात दात पाहावेत तसा हा प्रकार वाटतो, आणि तो वाटण्याला कारणही आहे. फळीतला खेळाडू सामन्यात ४० यार्ड सरळ रेषेत पळण्याचा प्रसंग क्वचितच येतो. त्याचे सारे जग चार-पाच यार्डांचे. तरी आकडा निघतो, आणि आकडा निघाला की त्याची तुलना करता येते.

या तुलनेने फसवल्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण टोनी मँडरिच याचे. १९८९ साली, ड्राफ्टच्या आधीच्या चाचणीत, तीनशे पाउंडांहून अधिक वजनाच्या या टॅकलने ४० यार्ड ४.६५ सेकंदांत कापले आणि ते २२५ पाउंड ३९ वेळा उचलले, असे प्रसिद्ध झाले. ग्रीन बे पॅकर्सने त्याला दुसऱ्या क्रमांकावर घेतले. त्या वर्षी पहिला, तिसरा, चौथा आणि पाचवा निवडला गेलेला खेळाडू (ट्रॉय एकमन, बॅरी सँडर्स, डेरिक थॉमस, डीऑन सँडर्स) पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेला. मधला मँडरिच चार हंगामांतच ग्रीन बेला नकोसा झाला. महाविद्यालयात असताना आपण स्टेरॉइड्स घेत होतो, हे त्याने २००८ साली जाहीरपणे कबूल केले. आकडे खोटे नव्हते. ते ज्या शरीराचे होते ते शरीर उसने होते.

उलट उदाहरण ऑर्लँडो ब्राउन (धाकटा) याचे. ओक्लाहोमा विद्यापीठाचा हा टॅकल मैदानावर अव्वल मानला जात होता. २०१८ च्या कंबाइनमध्ये त्याने ४० यार्डांना ५.८५ सेकंद घेतले, वजन अवघे १४ वेळा उचलले आणि उभी उडी साडेएकोणीस इंच मारली. चेष्टा झाली. पहिल्या फेरीचा उमेदवार तिसऱ्या फेरीत, ८३ व्या क्रमांकावर बाल्टिमोरकडे गेला. त्यानंतर २०१९ ते २०२२ असे सलग चार हंगाम तो प्रो बोलसाठी, म्हणजे लीगमधील निवडक खेळाडूंच्या मानाच्या यादीत, निवडला गेला.

येथे थांबून 'आकडे फसवे, जाणकाराची नजर खरी' असा निष्कर्ष काढायचा मोह साहित्याच्या माणसाला होणार, हे आम्ही जाणतो. आम्हांलाही तो झाला होता. पण २०१३ चा ड्राफ्ट त्या मोहाच्या आड येतो. त्या वर्षी पहिल्या चार निवडींत तीन टॅकल होते: पहिला एरिक फिशर, दुसरा ल्यूक जोकेल, चौथा लेन जॉन्सन. चित्रफिती पाहणाऱ्या अनेकांच्या मते जोकेल हा सर्वांत तयार, सर्वांत घोटलेला खेळाडू होता. आदल्या वर्षीचा आउटलंड पुरस्कारही त्यालाच मिळालेला. जॉन्सन महाविद्यालयीन वर्षांत क्वार्टरबॅक, टाइट एंड, बचावातला खेळाडू असे करत करत टॅकल झालेला. अनुभव तुटपुंजा, पण ४० यार्ड ४.७२ सेकंदांत. पुढे काय झाले? जोकेल दुखापतींनी ग्रासला आणि २०१७ नंतर लीगमध्ये खेळला नाही. फिशर दोनदा प्रो बोलसाठी निवडला गेला. जॉन्सन त्याच्या पिढीतील श्रेष्ठ टॅकलांपैकी एक ठरला आणि फिलाडेल्फियाबरोबर दोनदा सुपर बोल जिंकला. त्याच वर्षी आर्कान्सा-पाइन ब्लफ या लहानशा महाविद्यालयाचा टेरन आर्मस्टेड ४.७१ सेकंदांत पळाला. तो आकडा नसता तर त्याच्याकडे किती जणांनी वळून पाहिले असते, कोण जाणे. तिसऱ्या फेरीत निवडला गेलेला हा खेळाडू पुढे पाच वेळा प्रो बोलपर्यंत पोहोचला. प्रस्थापितांच्या नजरेला जे दिसत नाही ते कधी कधी घड्याळाला दिसते. नजरेलाही आपले आवडते घराणे असते.

तेव्हा नजर विरुद्ध आकडा हे भांडणच आमच्या मते चुकीचे मांडलेले आहे. गेल्या वीसेक वर्षांत जे नवे आकडे आले, त्यांची घडण पाहिली की हे अधिक स्पष्ट होते. प्रो फुटबॉल फोकस ही संस्था प्रत्येक खेळीत प्रत्येक खेळाडूला उणे दोन ते अधिक दोन या दरम्यान, अर्ध्या अर्ध्या गुणाच्या पायऱ्यांनी, गुण देते. अपेक्षित काम केले तर शून्य. सामन्यांतील शेकडो शून्यांची, उण्यांची आणि अधिकांची बेरीज करून शंभरपैकी एक आकडा तयार होतो. तो पाहणाऱ्याला वजनकाट्यावरचा आकडा वाटतो. वस्तुतः तो काय आहे? कुणीतरी चित्रफीत पुढे-मागे करून, एकेका ओळीवर थांबावे तसे एकेका खेळीवर थांबून केलेले ते वाचन आहे. सूक्ष्म वाचनाच्या हजार टिपणांना दशांशचिन्ह लावले की त्याला संख्याशास्त्र म्हणतात, एवढेच.

हे वाचन असल्यामुळे वाचनाच्या सगळ्या अडचणी त्यात आहेत. समोरचे दोन खेळाडू एकमेकांना ओलांडून, कैचीसारखे आत घुसले आणि गार्ड व टॅकल यांच्या मधून एक जण निसटला, तर दोष कुणाचा? दोघांनी आपापला गडी बदलायचा होता, की मूळच्याच गड्याला चिकटून राहायचे होते? ते खेळी सुरू होण्यापूर्वी आपसांत ठरलेले असते. गुण देणारा ते चित्रफितीवरून ताडतो. क्वार्टरबॅकने चेंडू चार सेकंद कवटाळून ठेवला आणि मग तो पडला, तर दोष टॅकलचा म्हणावा काय? ईएसपीएन या वाहिनीने यावर तोडगा म्हणून अडीच सेकंदांची रेघ आखली. खेळाडूंच्या खांद्यावरील चिलखतात बसवलेल्या चिपांवरून स्थाने टिपायची. अडीच सेकंद गडी रोखला तर टॅकलची जीत. कल्पना चांगली आहे. पण ही रेघही कुणीतरी ओढलेलीच आहे, आणि २.४ सेकंदांना हरलेला व २.६ ला हरलेला यांत तिने घातलेली भिंत निसर्गात नाही.

महाविद्यालयीन खेळाडूंच्या बाबतीत आणखी एक गुंता असतो. पुष्कळ विद्यापीठांत चेंडू झटपट, दोन सेकंदांच्या आत फेकण्याची पद्धत आहे. अशा संघातल्या टॅकलने हंगामभर एकही सॅक होऊ दिली नाही, यात कौतुक कुणाचे? परीक्षेत ज्याला अवघड प्रश्न विचारलाच नाही त्याच्या पैकीच्या पैकी गुणांसारखे ते आहे. म्हणून चांगले विश्लेषक झटपट फेकी आणि हूल देण्याच्या खेळी वगळून, खऱ्या झुंजीचे प्रसंग तेवढे वेगळे मोजतात. हे योग्यच. मात्र असे गाळत गेले की हाती उरणारे प्रसंग थोडे होतात.

थोड्या प्रसंगांचे गणित काय सांगते, ते एका काल्पनिक हिशेबाने पाहू. समजा, दोन टॅकल आहेत. दोघांनीही क्वार्टरबॅकच्या बचावाचे ४०० प्रसंग अनुभवले. पहिल्याचा गडी १० वेळा निसटला, दुसऱ्याचा १४ वेळा. म्हणजे अडीच टक्के आणि साडेतीन टक्के. यादीत पहिला बराच वर दिसेल. पण अशा विरळ घटनांत निव्वळ योगायोगाने होणारा चढ-उतार त्या संख्येच्या वर्गमुळाइतका धरतात: दहाला सुमारे तीन, चौदाला पावणेचार. दोघांच्या फरकातला योगायोग मिळून पाचाच्या घरात जातो, आणि फरक तर चाराचाच आहे. तेव्हा पुढच्या वर्षी हाच क्रम उलटा लागला तर नवल वाटू नये. आकड्यांनी येथे खोटे सांगितलेले नाही. आकडे प्रामाणिकपणे सांगत आहेत की 'आम्हांला या दोघांत फरक दिसत नाही'. खोटे बोलते ती त्यांच्यावरून बनवलेली क्रमवारी. 'सातवा' आणि 'अकरावा' हे शब्द उच्चारताच नसलेले अंतर उभे राहते.

केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या संशोधकांनी ड्राफ्टचा मोठा अभ्यास करून २००५ मध्ये दाखवले, की एखाद्या जागेसाठी आधी निवडलेला खेळाडू त्याच जागेसाठी लगेच नंतर निवडलेल्यापेक्षा सरस निघण्याची शक्यता नाणेफेकीपेक्षा थोडीच अधिक असते. म्हणजे ढोबळ उतरंड खरी. पहिल्या फेरीतले खेळाडू सहाव्या फेरीतल्यांहून एकंदरीत सरस असतातच. शेजारच्या दोन पायऱ्यांमधला भेद मात्र बव्हंशी आपल्या आत्मविश्वासातून आलेला असतो.

या आत्मविश्वासाला खतपाणी घालणारी एक गोष्ट साहित्याच्या वाचकाला चटकन पटेल. पहिल्या फेरीत निवडलेल्या टॅकलला संघ सहजासहजी बाहेर काढत नाही. त्याच्यावर पैसा लागलेला असतो, निवडणाऱ्याची अब्रू लागलेली असते. म्हणून तो अधिक सामने खेळतो. मग कुणी 'किती सामने खेळला' या निकषावर निवड तपासतो, तेव्हा निवड बरोबर ठरते. पाठ्यपुस्तकात लागलेला कवी पिढ्यान्‌पिढ्या वाचला जातो, त्याच्यावर प्रबंध होतात, आणि त्या प्रबंधांच्या संख्येवरून तो थोर होता हे सिद्ध होते. त्यातलाच हा प्रकार. संधी देऊन नंतर संधीचेच माप घ्यायचे, आणि त्याला गुणवत्ता म्हणायचे.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. वजन उचलण्याचा आकडा आणि पुढचे यश यांचा संबंध ढिला दिसला, की 'ताकदीला महत्त्व नाही' असे म्हणणारे निघतात. तेही चूक. कंबाइनला येणारा प्रत्येक जण आधीच अफाट ताकदवान असतो. दुबळे केव्हाच गळलेले असतात. चाळणीतून खाली आलेल्या पिठात जाड कण सापडत नाहीत, म्हणून चाळणी निरुपयोगी ठरत नाही.

मायकेल लुईस यांचे 'मनीबॉल' २००३ साली प्रसिद्ध झाले, तेव्हापासून खेळांत संख्याशास्त्राचा जयघोष सुरू आहे. पण ते पुस्तक बेसबॉलचे. तेथे फेकणारा आणि मारणारा यांचे द्वंद्व प्रत्येक चेंडूला सुटे करून पाहता येते, जसे क्रिकेटमध्ये बरेचसे पाहता येते. फळीतला माणूस असा सुटा होत नाही. त्याचे यश शेजाऱ्याच्या यशात मिसळलेले असते. याच लुईस यांनी २००६ साली 'द ब्लाइंड साइड' या पुस्तकात लेफ्ट टॅकलच्या जागेची किंमत कशी वाढली ते सांगितले आणि ते सांगण्यासाठी त्यांना एका मुलाची गोष्ट सांगावी लागली, हे आम्हांला सूचक वाटते.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. आकडे हवेत, अधिक हवेत आणि अधिक चांगले हवेत. क्रमवारी नको. एक ते वीस अशी उतरंड रचण्याऐवजी खेळाडूंचे तीन-चार गट करावेत आणि एका गटातले सारे तूर्त सारखे, असे स्वच्छ सांगावे. शरीराचे आकडे, कामाचे आकडे आणि माहीत नसलेल्या गोष्टी असे तीन रकाने ठेवावेत. त्यांची बेरीज करू नये. तिसरा रकाना कोरा दिसला तर कारण विचारावे. आणि प्रत्येक आकड्याबरोबर तो कोणी, काय पाहून, किती प्रसंगांवरून काढला ते लिहावे. यात नवे काही नाही. चांगल्या संपादित आवृत्तीत पाठभेद असेच देतात.

यावर व्यवहारी माणूस म्हणेल, की शेवटी एकालाच निवडायचे असते. काही मिनिटांत नाव सांगावे लागते. गट घेऊन काय करू? हा आक्षेप खरा आहे. निवडणाऱ्याने जरूर निवडावे. आम्ही म्हणतो ते इतकेच, की निर्णयाची निकड ही ज्ञानाची खूण नव्हे. दोघांत फरक दिसत नसेल तर गरजेनुसार निवडा, भावानुसार निवडा, चिठ्ठ्या टाका. पण ज्याला मागे टाकले तो कमी प्रतीचा होता असे आकड्यांच्या तोंडून वदवून घेऊ नका. त्या वदवण्याची किंमत निवडणारा देत नाही, यादीत खाली ढकललेला मुलगा देतो.

आणि हे लांबच्या देशातल्या खेळाचेच आहे असेही नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० साली अध्यापकांसाठी 'एपीआय' गुण आणले, २०१८ च्या नियमांत त्यांचे रूप बदलले. त्या वर्षांत वर्गावर असलेल्या कुणालाही आठवेल, की शोधनिबंधाला गुण होते, परिषदेला गुण होते. एखाद्या विद्यार्थ्याचा कच्चा निबंध चार वेळा वाचून तो उभा करण्यासाठी मात्र रकाना नव्हता. जो विद्यार्थी नापास झाला नाही, ज्याने अभ्यास सोडला नाही, त्याच्या न सोडण्याची नोंद कोठे करणार? आपणही कोणाच्या तरी पुढे आडवे उभे राहणारे लोक आहोत.

असो. शेवटी एका आकड्याचा उल्लेख करतो, कारण आकड्यांशी आमचे वैर नाही. जो थॉमस हा टॅकल २००७ साली तिसऱ्या क्रमांकावर क्लीव्हलंडच्या संघात आला. त्या दिवशी तो समारंभाला न जाता वडिलांबरोबर मिशिगन सरोवरात मासेमारी करत होता. त्यानंतर ऑक्टोबर २०१७ मध्ये दंडाचा स्नायू फाटेपर्यंत, तो संघाच्या आक्रमणातल्या एकाही खेळीला गैरहजर राहिला नाही: सलग १०,३६३ खेळी. त्याचा संघ मात्र हरतच राहिला. २०१६ मध्ये एक सामना जिंकला, २०१७ मध्ये एकही नाही. अंतिम टप्प्याचे सामने त्याच्या वाट्याला कधीच आले नाहीत. २०२३ साली त्याला हॉल ऑफ फेममध्ये घेतले. १०,३६३ हा आकडा त्याने काय केले ते सांगत नाही. तो एवढेच सांगतो, की दर वेळी चेंडू मागे आला तेव्हा तो तेथे उभा होता. ड्राफ्टच्या दिवशी हा आकडा कोणत्याही यादीत नव्हता, आणि असण्याची सोयही नव्हती.